संगीत शिक्षकाची वाट न पाहता: जिल्हा परिषद शाळेत वाद्यवादनाचे तास कसे बसवायचे

आमच्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत संगीताचा शिक्षक नसतो. पद निघेल, माणूस येईल, मग सुरू करू, असं म्हणत म्हणत मुलांच्या कितीतरी तुकड्या पेटीच्या एका पट्टीवरही बोट न ठेवता सातवी पास होऊन गेल्या. मी चंद्रपूर जिल्ह्यात आधी वरोरा तालुक्यातल्या कापसाच्या पट्ट्यात आणि नंतर सिंदेवाहीकडे धानाच्या पट्ट्यात मुख्याध्यापक होतो. दोन्ही शाळांत पेटी, तबला, खंजिरी आणि बासरी शिकवण्याची घडी बसवली. पहिल्या शाळेत ती दोनदा मोडली. का मोडली आणि पुन्हा कशी बसवली, ते ज्यांना याच वर्षी सुरुवात करायची आहे अशा मुख्याध्यापकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीसाठी लिहितो आहे.

शाळा सुटल्यावर नको

बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी. वाद्याचा तास शाळेच्या वेळेतच घ्या.

पाचची घंटा झाल्यावर "ज्यांना शिकायचं त्यांनी थांबा" म्हटलं की कोण थांबतं ते बघा. शाळेजवळ राहणारी, घरी फारसं काम नसलेली मुलं, त्यातही बहुतेक मुलगे. टोलीवरच्या, म्हणजे गावापासून दूरच्या वस्तीवरच्या, मुली थांबत नाहीत. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे दिवाळीनंतर साडेपाचलाच अंधारून येतं, आणि जंगलाच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर वाघाची भीती असते. ती भीती उगाच नाही, या भागात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेलेली आहेत. त्या वाटेनं पोरीला उशिरा पाठवा, असं कोणत्या आईला सांगणार? कापसाकडे वेचणीच्या दिवसांत संध्याकाळची चूल आणि धाकटं भावंड मुलीच्याच वाट्याला येतं. वरोऱ्याकडे पहिल्या वर्षी मी तास शाळेनंतर ठेवला होता. ऑगस्टमध्ये २८ मुलं होती, डिसेंबरात ९ उरली आणि त्यांत मुलगी एकच. मुलांची आवड कमी झाली असं आम्ही म्हणत राहिलो. आवड होती तेवढीच होती, चुकली होती ती वेळ.

शाळेच्या वेळेत घ्यायचं तर नियमांत जागा आहे का, हा प्रश्न शिक्षक विचारतातच. आहे. कला हा अभ्यासक्रमातला विषय आहे आणि वेळापत्रकात त्याच्या तासिका असतात. फक्त त्या बहुतेक ठिकाणी चित्रकलेच्या वहीत किंवा राहिलेल्या गणितात जातात. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन अपेक्षित आहे, पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास. कलेचा वाटा याच तासांतला आहे. २०२४ पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार, म्हणजे पुस्तकाऐवजी उपक्रमांचा दिवस, आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत आणि स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला बोलवावं असंही म्हटलं आहे. म्हणजे वेळ कुणाकडून हिसकावून घ्यायची नाही. जी आपली आहे ती वापरायची आहे.

माणूस कुठे शोधायचा

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशकांची (अर्धवेळ शिकवणाऱ्यांची) तरतूद आहे, पण सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तरच. आमच्या खेड्यांतल्या किती शाळांचा पट तिथवर जातो हे तुम्हीच मोजा. पट असेल तर निदेशकाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करा आणि करत राहा. पण तोवर थांबू नका.

विदर्भातलं खेडं वाद्याच्या बाबतीत गरीब नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजनं केली, मोझरीला गुरुकुंज उभं केलं, आणि त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे आजही असंख्य गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तिथे पेटी असते, तबला किंवा ढोलक असतो आणि खंजिरी तर असतेच. बौद्ध वस्तीत भीमगीतांचं मंडळ असतं. १४ एप्रिलच्या आधी महिनाभर त्यांचा सराव ऐकू येतो. पूर्वेकडे झाडीपट्टीत नाटक आणि दंडार हे लोकनाट्य जिवंत आहे, वडसा म्हणजे तर नाटक कंपन्यांचं माहेरघर, आणि त्या नाटकांत ऑर्गन-तबल्याची साथ जागेवर बसून होते. गोंड वस्तीत ढोल वाजवणारी जाणती माणसं असतात. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवालाही याच गावचा असतो.

समितीच्या बैठकीत "कोणाला वाजवता येतं" असं विचारू नका. सगळे एकाच नावाकडे बोट दाखवतात आणि ते नाव बहुतेक वेळा सगळ्यांत जलद वाजवणाऱ्याचं असतं. त्यापेक्षा आठ दिवस संध्याकाळी प्रार्थनेला, भजनाला, सरावाला जाऊन बसा. म्हणणारा चुकला, पुढे पळाला, तरी लय न सोडता मागे कोण धरून ठेवतो ते पाहा. शिकवण्याला तो माणूस लागतो. मग त्याला शाळेत बोलवा, चौथीतली दोन मुलं समोर बसवा आणि दहा मिनिटं काहीही शिकवायला सांगा. मूल चुकल्यावर तो त्याचा हात हातात धरून दाखवतो की पेटी स्वतःकडे ओढून पुन्हा वाजवून दाखवतो, एवढं बघितलं की निवड झाली.

तालुक्याच्या गावी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा झालेलं कुणी असेल तर उत्तम, पण त्यांना रोजच्या तासाला बांधू नका. येणं-जाणं जमत नाही आणि दोन महिन्यांत तास बंद पडतो. महिन्यातून एकदा येऊन बोटं, बैठक आणि सूर तपासून द्यावेत, एवढं त्यांच्याकडून घ्या. रोजचा माणूस गावातला किंवा पाच-सात किलोमीटरवरचाच हवा.

सोबतीचा शिक्षक

माझी पहिली घडी मोडली ती वेळेमुळे, दुसरी मोडली ती मास्तरांच्या सोबतीला शाळेतला शिक्षक नव्हता म्हणून. आमचे पेटीमास्तर फार चांगले शिकवायचे. आम्ही शिक्षक त्या वेळात वह्या तपासायचो. मास्तर मुलीकडे पुण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पेटी उघडणारं कोणी उरलं नाही.

तेव्हापासून नियम केला: शिकवणाऱ्याबरोबर शाळेतला एक शिक्षक प्रत्येक तासाला बसणार आणि मुलांबरोबर स्वतःही शिकणार. त्याला गाता येतं की नाही हे बघायचं नाही. त्याची इच्छा आहे का, त्याच्याकडे बीएलओचं (मतदारयादीचं) काम तर नाही ना, आणि त्याची बदली जवळ आली नाही ना, हे बघायचं. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाला हे काम दिलं तर काही वर्षं निर्धास्त जातात. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हे हवंच. बाहेरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याची पोलीस पडताळणी करून घ्या, तास उघड्या दाराच्या खोलीत किंवा व्हरांड्यात घ्या, आणि एकट्या मुलाला किंवा मुलीला वेगळं बसवून शिकवणं नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला या तासांची माहिती द्या. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

दोनशिक्षकी शाळेत एक पेच असतो. सोबतीचा शिक्षक वाद्याच्या तासाला बसला तर त्याचा वर्ग कोणी सांभाळायचा? उत्तर सोपं आहे, ज्या शिक्षकाचा वर्ग शिकतो आहे तोच सोबतीला बसेल. तिसरी ते पाचवीचा जोडवर्ग वाद्याला असेल तर त्यांचे गुरुजी तिथेच, आणि पहिली-दुसरीच्या बाई आपल्या वर्गात. तिथे गट पाडून फिरवाफिरवी करायच्या फंदात पडू नका, पूर्ण जोडवर्ग एकत्र घ्या.

पत्र आणि पैसा

तोंडी ठरवलेलं काम दिवाळीपर्यंत टिकतं. समितीचा ठराव घ्या आणि शिकवणाऱ्याला एक पानी पत्र द्या. त्यात वार, वेळ, महिन्याचं मानधन, पेट्रोलचे पैसे, ते कोणत्या तारखेला मिळणार, येणं जमणार नसेल तर कोणाला कळवायचं आणि कोणते महिने सुटी, एवढं असावं. मानधन कमी असलं तरी चालतं, उशीर चालत नाही. आदरानं बोलावलेल्या माणसाला तीन महिने पैशासाठी विचारायला लावणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, ती शाळेनं करू नये.

पैसा कुठून आणायचा? समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि खडूतच ते संपतं, त्यावर डोळा ठेवू नका. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी मिळतो, पण तो पगारावर आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही. म्हणून तिथे मानधन मागण्यापेक्षा वाद्यं मागा आणि गाव विकास आराखड्याच्या ग्रामसभेतच मागा, नंतर जाऊन उपयोग नसतो. चंद्रपूरसारख्या खाणींच्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत शिक्षण हे प्राधान्याचं क्षेत्र आहे. एकट्या शाळेपेक्षा पूर्ण केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, मिळून प्रस्ताव केलात तर त्याला वजन येतं. मानधनासाठी मात्र लोकवर्गणीच खरी. सुगी झाल्यावर मागा. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याकडे शाळेसाठी हात पसरणं बरं दिसत नाही.

फुकट शिकवायला तयार असलेला माणूसही भेटेल. त्यालाही पेट्रोलचे पैसे द्याच आणि पत्र द्याच. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून त्याची नोंद करता येते.

वाद्यं कोणती, किती

पेटीपासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. एक पेटी आणि समोर तीस मुलं, म्हणजे एक शिकतो आणि एकोणतीस बघतात. खंजिरीपासून सुरू करा. ती स्वस्त असते, लहान हातात मावते, प्रत्येकाला एक देता येते आणि गावात शिकवणारे हवे तितके आहेत. आमच्याकडे तिसरी-चौथीला टाळ आणि खंजिरी, पाचवी ते सातवीला बाकीची वाद्यंही, अशी वाटणी होती. पाचवी ते सातवीच्या ३६ मुलांसाठी एक पेटी, दोन तबला-डग्गा जोड्या, नऊ बासऱ्या आणि बारा खंजिऱ्या एवढ्यावर आम्ही काम चालवलं.

घेताना दोन-तीन गोष्टी पाहा. बासऱ्या सगळ्या एकाच सुराच्या घ्या, एकाच दुकानातून आणि एकावर एक वाजवून. वेगवेगळ्या जत्रांतून आणलेल्या नऊ बासऱ्या जन्मात एकत्र वाजत नाहीत. लांब बासरीच्या भोकांपर्यंत चौथी-पाचवीच्या मुलांची बोटं पोचत नाहीत, त्यांना आखूड, वरच्या सुराची द्या. तबला घेताना परिपाठात प्रार्थना ज्या पट्टीत होते ती पट्टी पेटीवर धरा आणि त्या सुराला लागणाराच तबला घ्या. स्केल चेंजरची (पट्टी बदलता येणारी) पेटी शाळेला नको, तिच्यात बिघडायला जागा जास्त असतात आणि दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं.

पेटी ठेवायची कुठे, यावर एक आठवण. आम्ही ती पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत ठेवली होती, कुलूप तिथलं चांगलं म्हणून. उन्हाळ्याच्या सुटीनंतर उघडली तेव्हा भाता हलवला की फुस्स असा आवाज यायचा आणि सूर एकही निघत नव्हता. मागची फळी काढली. भात्याच्या घड्यांवरचं कातडं उंदरानं कोपऱ्या-कोपऱ्यातून कुरतडलेलं होतं आणि आत सूरपट्ट्यांवर तांदळाच्या कोंड्याचं घरटं होतं. सातवीतल्या मुली ते वाकून बघत होत्या, कुणी बोलत नव्हतं. तेव्हा सांगतो, धान्याच्या खोलीत नाही, टिनाच्या छपराखाली नाही, भिंतीला लागून नाही. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं. तापलेल्या टिनाखाली तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणते, शाई (त्यावरचा काळा गोल) तडकते. उन्हाळ्यात तबले गोधडीत गुंडाळून कौलारू खोलीत, नाहीतर सोबतीच्या शिक्षकाच्या घरी ठेवा. पावसाळ्यात उलट होतं, खंजिरीचं कातडं ओलं पडून थप्प वाजतं. तासाआधी दहा मिनिटं उन्हात किंवा मंद शेकावर धरली की ती पुन्हा बोलायला लागते. हे काम मुलांनाच द्या.

वेळापत्रक

आता मुख्य काम. शाळा साडेदहा ते पाच, दिवसाला आठ तासिका, जेवणाच्या सुटीनंतर चार, असं धरू. शिकवणारा आठवड्यातून एकदा, समजा मंगळवारी, दुपारभर येतो. ३६ मुलांचे चार गट करा: अ, ब, क, ड. गट इयत्तेप्रमाणे करू नका, मिसळून करा, म्हणजे प्रत्येक गटात पाचवी, सहावी, सातवी अशी तिन्ही इयत्तांची मुलं येतील. वर्गातून एका वेळी तीन-चारच मुलं उठतात आणि वर्गशिक्षकाचा पाठ चालू राहतो.

एकाच गटाला दर मंगळवारी पाचव्या तासिकेला बोलावलंत तर त्या मुलांचा तोच विषय वर्षभर बुडेल. विज्ञान असेल तर विज्ञान गेलंच. म्हणून गट फिरते ठेवा:

पहिला मंगळवार: पाचवी तासिका अ, सहावी ब, सातवी क, आठवी ड.
दुसरा मंगळवार: पाचवी ड, सहावी अ, सातवी ब, आठवी क.
तिसरा मंगळवार: पाचवी क, सहावी ड, सातवी अ, आठवी ब.
चौथा मंगळवार: पाचवी ब, सहावी क, सातवी ड, आठवी अ.

पाचव्या मंगळवारी पुन्हा पहिल्यासारखं. वर्षात सुट्या वगळून २४ मंगळवार मिळाले तर कोणत्याही मुलाच्या एका विषयाच्या वर्षभरात सहाच तासिका बुडतात. दुपारच्या चार तासिकांपैकी एक कलेचीच ठेवली तर तेवढी बुडतच नाही. मंगळवारच्या दुपारी एकाच विषयाच्या दोन तासिका येणार नाहीत हे आधी बघून घ्या, नाहीतर या सगळ्या गणिताचा उपयोग नाही. आणि शिक्षकांशी एक बोली करा, की मंगळवारी दुपारी नवा धडा सुरू करायचा नाही, सराव घ्यायचा. हा तक्ता महिन्याच्या तारखा टाकून शिक्षकांच्या खोलीत लावा. गणिताच्या बाई "माझाच तास का" म्हणाल्या की तक्त्याकडे बोट दाखवता येतं. तक्ता नसेल तर वाद होतो आणि वादात नेहमी वाद्याचा तास जातो.

वाचन अजून नीट न येणाऱ्या मुलाला वाद्यातून काढून वाचनाला बसवायचं का? मी तसं कधी केलं नाही. आधीच मागे पडलेल्या मुलाला शाळेतला जो एक तास आवडतो तोच काढून घ्यायचा, हे मला पटत नाही. त्याचा गट फक्त वाचनाच्या तासिकेवर येणार नाही एवढं सांभाळायचं.

शनिवारची सकाळ सगळ्यांच्या एकत्र वादनाची, एक तास. हा तास सोबतीचा शिक्षक घेईल, शिकवणारा नाही. असं करण्याला कारण आहे. केंद्रातल्या तीन शाळांनी मिळून एक माणूस ठेवला तर सोमवार, मंगळवार, गुरुवार असे वार वाटता येतात, पण शनिवार सगळ्यांना एकच. तेव्हा तो दर शनिवारी एकेका शाळेत पाळीनं जाईल आणि बाकीच्या दोन शाळा आपापल्या शिक्षकावर चालतील. एका दिवशी दोन शाळा मात्र त्याला देऊ नका. कागदावर आठ किलोमीटर दिसतात; पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तेच पंचवीस होतात. वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. त्या दिवशी मुलंही कमी असतात आणि मास्तरही बाजारात.

वर्षाची आखणी

विदर्भात उन्हामुळे शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडते. जुलैत धानपट्ट्यात रोवणी आणि कापसाकडे डवरणी-निंदण असतं. शिकवणारा शेतकरीच असतो, तो चिखलात असणार. म्हणून जुलै गट पाडायला, वाद्यं दुरुस्त करायला आणि टाळ्यांवर ताल धरायला वापरा, नियमित तास ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून. १५ ऑगस्टला कार्यक्रम ठेवण्याची घाई करू नका. दोन आठवड्यांत बसवलेलं एकच गाणं वर्षभर चिकटतं आणि मुलांची बोटं तिथेच अडकतात. आमचा पहिला कार्यक्रम तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, असायचा, गावातच, नंदीबैल घेऊन निघालेल्या मुलांबरोबर खंजिऱ्या आणि टाळ. तिथे चूक झाली तरी कुणाला कळत नाही आणि मुलांची भीड चेपते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गणपती, दुर्गा, मग सोयाबीनची सोंगणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. तुमचा तबलजी नाटकाचा असेल तर होळीपर्यंत तो रात्रभर नाटकाच्या साथीला आणि दिवसा झोपेत. हे आधीच धरून चाला आणि त्या महिन्यांसाठी भजन मंडळातला दुसरा माणूस जुलैतच ठरवून ठेवा. त्याला दोन-तीनदा पहिल्याच्या तासाला आणून बसवा, म्हणजे दोघांचे बोल सारखे राहतात. एकानं 'धा धिं धिं धा' असं शिकवलं आणि दुसऱ्यानं वेगळ्या बोटानं, की मुलं गोंधळतात. २६ जानेवारी हा मोठा कार्यक्रम. मार्चपासून सकाळची शाळा होते, तासिका आखूड होतात. तेव्हा फिरते गट बंद करून फक्त शनिवार ठेवा. मोहफुलांच्या दिवसांत जंगलालगतची मुलं पहाटेच बाहेर पडतात, हजेरी घटते, त्यावर रागावू नका.

कागदावर जेवढे तास दिसतात त्यातला चौथा हिस्सा गळतो. आखणीच तशी करा.

तासात काय करायचं

नऊ मुलं आणि तबल्याच्या दोन जोड्या, असा गट कसा शिकवायचा हे जवळून सांगतो, कारण बहुतेक तास इथेच बिघडतात. सगळे मांडी घालून अर्धगोलात. आधी हातानं आणि तोंडानं केरवा: धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा, पहिलीला टाळी, पाचवीला हात उलटा. सगळे म्हणतात, कोणीही वाजवत नाही. तीन मिनिटं. मग दोन मुलं तबल्यावर, तिघं पालथ्या ताटलीवर किंवा पाटीवर तीच बोटं ठेवून, चौघं बोल म्हणत टाळी धरून. तीन मिनिटं झाली की सगळे एक जागा सरकतात, थांबून नाही, बोल चालू असतानाच. पस्तीस मिनिटांत प्रत्येक मूल दोनदा तरी खऱ्या तबल्यावर बसतं आणि बाकीचा वेळही रिकामं नसतं. डावखुरं मूल असेल तर तबला-डग्ग्याची जागा बदलून द्या, हात बदलायला लावू नका.

आमच्या शाळेत एक सहावीतली मुलगी होती, वर्गात कधी बोलायची नाही. पाटीवर तिची तर्जनी बरोबर 'ना'च्या जागी पडायची, पण तबल्यावर बसली की हात थांबायचा. चार आठवडे मास्तरांनी तिला काही म्हटलं नाही, फक्त तिच्या पाळीला बोल थोडे हळू म्हणायचे. पाचव्या आठवड्यात 'ना' वाजला. स्वच्छ, किनारीवरचा. ती दचकून हाताकडे बघायला लागली आणि बोल म्हणणारी मुलं हसत हसत तसंच म्हणत राहिली.

कोणतं वाद्य कोणी घ्यायचं, हे पहिल्या दोन महिन्यांत ठरवू नका. सगळ्यांना सगळ्यांवर फिरवा. मुली खंजिरी-टाळावर आणि मुलगे तबल्यावर, अशी वाटणी आपोआप होते, ती होऊ देऊ नका. डफ, हलगी, ढोल गावात कोणत्या घरचे वाजवतात हे सगळ्या मुलांना माहीत असतं. "तुझ्या घरी वाजवतात ना, मग तू घे" हे वाक्य शाळेत कोणाच्याही तोंडून यायला नको. त्या घरच्या मुलाला बासरी हवी असेल तर बासरी, आणि डफ सगळ्यांच्या हातात फिरला पाहिजे. गाण्यांचंही तसंच. शिकवणारा भजन मंडळातला असेल तर भजनंच येणार, हे स्वाभाविक आहे; पण परिपाठातली प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत, बालगीतं, भीमगीत, गोंडी वस्तीतलं रेलाचं गाणं, हे सगळं यादीत आहे असं त्याला पत्रातच लिहून द्या.

नोंदवही आणि बदली

वाद्यं साठा नोंदवहीत चढवा, देणगीची असली तरी. वाद्यावर ऑइलपेंटनं शाळेचं नाव घाला, पण पुडीवर नाही, लाकडावर. गावातल्या लग्नाला किंवा सप्त्याला पेटी मागायला लोक येतील. समितीचा ठराव करून नाही म्हणा. ठराव असला की मुख्याध्यापकाला एकट्याला वाईट व्हावं लागत नाही.

तासाची वेगळी वही ठेवा. तारीख, कोणता गट, काय घेतलं, कोण आलं नाही, एवढ्या चार ओळी. ती सोबतीच्या शिक्षकानं नाही, सातवीतल्या मुलांनी आळीपाळीनं लिहावी. महिन्याच्या शेवटी ती शिक्षण परिषदेत घेऊन जा. केंद्रातल्या दुसऱ्या शाळांना पटवायला भाषणापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते.

बदलीचा आदेश आला की शाळा सोडायच्या आधी नव्या मुख्याध्यापकांसाठी एक पान लिहून त्याच वहीत चिकटवा: शिकवणाऱ्याचं घर कोणत्या आळीत, त्याचं मानधन कुठवर दिलंय, फिरत्या गटांचा तक्ता कुठे लावलाय, कोणत्या तबल्याची पुडी बदलायची आहे, खोलीच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे. आणि जमलं तर एका मंगळवारी दुपारी त्यांना घेऊन व्हरांड्यात मुलांमध्ये बसा, पाचव्या तासिकेपासून आठव्यापर्यंत.